कोणाच्या तरी हातात

१

कंपनी दोघांचीच, भुंगीची आणि दाढीची. तिसरा भागीदार म्हणजे कोपऱ्यातला चहाचा थर्मास, असं दाढी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. दाढी हा भुंगीचा कॉलेजपासूनचा मित्र. गिऱ्हाइकं आणायची, त्यांच्याशी गोड बोलायचं आणि वेळेवर जेवायचं, ही त्याची कामं. बाकी सगळं भुंगीकडे. भुंगी हे तिचं घरातलं नाव. हात कामात गुंतले की तिच्या तोंडून गुणगुण सुरू व्हायची, म्हणून आईनं ठेवलेलं. दाढीनं ते एकदा फोनवर ऐकलं आणि मग ऑफिसातही तेच चिकटलं.

ऑफिस म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली. खालून दिवसभर कानस घासल्याचा आवाज यायचा. पहिल्या आठवड्यात दोघांचं डोकं उठलं. नंतर तो आवाज थांबला की चुकल्यासारखं व्हायला लागलं.

धंदा साधा होता. दूर राहणाऱ्या मुलामुलींनी वेबसाइटवर यायचं आणि आपल्या आवाजात दोन-तीन वाक्यं रेकॉर्ड करायची. "बाबा, जेवण झालं का? आता ती पांढरी गोळी घ्या." रोज दुपारी तो आवाज बाबांच्या फोनवर वाजायचा. वाजून संपला की फोन आपोआप बंद. एवढंच. पण यंत्राच्या आवाजाला न जुमानणारी म्हातारी माणसं पोराच्या आवाजाला मान द्यायची आणि मुकाट्यानं गोळी घ्यायची.

आत काय चालतं, हे भुंगी दाढीला चहाच्या कपांवर समजावून सांगायची. क्लाउडवर एक रांग आहे. दुपार झाली की वेबसाइट त्या रांगेत एकेक निरोप ठेवते, अमक्याला फोन लाव, तमका आवाज ऐकव. मागच्या बाजूला तीन छोटे प्रोग्रॅम काम करतात. त्यांना ती थोरला, मधला आणि धाकटा गडी म्हणायची. गडी रांगेतला एक निरोप उचलतो. उचलला की तो 'हातात' गेला. दुसऱ्या कोणाला दिसत नाही. काम झालं की गडी 'झालं' म्हणतो आणि निरोप पुसला जातो. गडी मध्येच कोलमडला आणि बराच वेळ 'झालं' आलं नाही, तर निरोप आपला परत रांगेत येऊन उभा राहतो. काम कोणाचंच बुडत नाही.

"म्हणजे शाळेतल्या शिपायासारखं," दाढी म्हणाला.

"शिपाई पळून जाऊ शकतो. निरोप पळून जात नाही."

पहिलं गिऱ्हाईक भुंगीची आईच होती. आई एकटी राहायची, बसनं दुपारभराच्या अंतरावर. भुंगीनं तिच्यासाठी रेकॉर्ड केलं होतं, "आई, जेवलीस ना? गोळी घे हं. बोलते नंतर." आईला ते रेकॉर्डिंग आहे हे ठाऊक होतं. ती हसायची. "आली गं तुझी तबकडी," म्हणायची, आणि गोळी घ्यायची.

एका दुपारी सगळे निरोप पोचवून झाले, गडी रिकामे बसले, आणि भुंगी जेवणाचा डबा उघडता उघडता पडद्याकडे बघत राहिली. रांगेत कोणी नाही. हातात, एक.

अर्ध्याहून जास्त डबा संपला तरी एकच. मग तो आकडा गेला. 'झालं' म्हणून पुसला गेला.

तो निरोप तिच्या आईचा होता.

२

"म्हातारी माणसं फोन नीट ठेवत नाहीत," दाढी म्हणाला. "माझे बाबा तर उशीखाली ठेवून देतात."

"आपल्या बाजूनं फोन बंद होतो ना पण."

"मग फोन कंपनीचं काहीतरी असेल. त्यांचं काय, रोज काहीतरी बिघडतंच."

भुंगीला हे पटलं, कारण तिला पटायला हवं होतं. तिनं गड्यांचा कोड पुन्हा वाचला. कुठे चूक दिसेना. पण दुसऱ्या दिवशी दोन निरोप असे हातात अडकले, तिसऱ्या दिवशी तेच दोन आणि आणखी एक. रेकॉर्डिंग वाजायला लागतो एक घोट पाणी प्यायचा वेळ. आणि हे फोन तासाच्या घरात जात होते. तक्रार मात्र एकही नाही. उलट दाढीला लोक आपणहून नवी गिऱ्हाइकं आणून द्यायला लागले.

त्याच आठवड्यात एक म्हातारे शिंपीकाका जिना चढून धापा टाकत आले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा जहाजावर इंजिनात कामाला. त्यांनी ऑफिसच्या दोन्ही खुर्च्यांसाठी उशा शिवून आणल्या होत्या, निळ्या, कडेला पांढरी शिलाई.

"अहो काका, हे कशाला?" दाढी म्हणाला.

"राहू दे रे. तुमच्यामुळे पोरगा बोलायला लागला. आधी कसं, आहे-नाही-बरंय, संपलं. आता बोलतो. परवा तर मला विचारत होता, बाबा, मी तापात बरळायचो तेव्हा काय बोलायचो? मी म्हटलं, अरे तू तर माझं माप घ्यायचास, हवेतल्या हवेत!" काका स्वतःशीच हसले. मग डोळे पुसायचे होते म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

"जहाजावरून फोन लागतो वाटतं नीट," भुंगीनं विचारलं.

"छे! बंदराला लागेपर्यंत काही नाही. तुमचाच की तो. दुपारचा, गोळीचा."

ते गेल्यावर दाढी बराच वेळ उशीची शिलाई बघत बसला. "एकटं माणूस," तो म्हणाला. "बोलत असेल आपलं आपलं. रेकॉर्डिंग संपल्यावरही."

"हो," भुंगी म्हणाली.

खाली कानशीचा आवाज थांबला होता. दोघांनाही तो सुरू व्हायला हवा होता.

३

त्या संध्याकाळी भुंगीनं आईला फोन लावला. आईच्या मागे नेहमीचे आवाज होते. नळ गळत होता, कपाटाचं दार कुरकुरलं, रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आज दुसऱ्यांदा?" आई म्हणाली. "सूर्य पश्चिमेला उगवला की काय!"

"दुसऱ्यांदा कुठे? दुपारची ती आपली तबकडी होती."

आई क्षणभर थांबली. भुंगीला नंतर ते थांबणं आठवलं. तेव्हा तिला वाटलं, आई ताट उचलत असेल.

"हो, तीच गं," आई म्हणाली. "मी आपली बोलत बसते तिच्याशी."

"काय बोलतेस?"

"काहीतरी. तू चालायला कधी लागलीस. पहिला दात पडला तो तू कसा गिळलास, आणि पोटात दाताचं झाड येईल म्हणून कशी रडलीस. तुला न्हाऊ घालताना डोळ्यांवर हात ठेवायला लागायचा ते."

"हे सगळं मला माहीत आहे, आई."

"तुला माहीत आहे," आई म्हणाली. "तू कशाला विचारशील?"

"मग कोण विचारतं?"

"अगं, दूध उतू चाललंय," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. पण भुंगीला माहीत होतं, आई संध्याकाळी दूध तापवत नाही.

४

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत तिनं दाढीला शेजारी बसवलं.

"बघ हं. मी तिन्ही गडी बंद करतेय. आता निरोप रांगेत जातील, पण उचलायला कोणीच नाही. सगळेच्या सगळे रांगेत उभे राहायला हवेत. राहिले, तर चूक माझ्या गड्यांची. संध्याकाळी दुरुस्त करून टाकेन."

"आणि लोकांच्या गोळ्या?"

"आज तू सगळ्यांना स्वतः फोन करायचे."

दाढीनं कपाळाला हात लावला, पण यादी समोर ओढली.

तिनं थोरला बंद केला. मधला बंद केला. धाकट्याला बंद करताना, का कोण जाणे, तिला वाईट वाटलं. तिचं गुणगुणणंही थांबलं. दाढीनं तिच्याकडे वळून पाहिलं, इतकी ती शांतता नवी होती.

दुपार झाली. निरोप यायला लागले. रांग वाढत गेली, शाळेची घंटा झाल्यावर मुलं उभी राहतात तशी. कोणी हलेना. भुंगीनं सुटकेचा श्वास सोडला. "बघ, म्हटलं ना..."

रांग एकानं कमी झाली. भुंगीच्या आईचा निरोप त्यात नव्हता.

हातात, एक.

"कोणी उचलला?" दाढी कुजबुजला. कुजबुजायचं काही कारण नव्हतं.

कोणीच नव्हतं. रांगेत शिरायची चावी फक्त भुंगीकडे. ती तिनं सकाळीच बदललेली. दुसऱ्या कुठल्या यंत्रावर जुना प्रोग्रॅम राहिला असेल म्हणून तिनं शोधलं, नव्हता. मग आणखी एक निरोप उचलला गेला. शिंपीकाकांचा. नंतर आणखी एक. निरोप उचलणारं जे कोण होतं, ते घाई करत नव्हतं. कोणाला तरी भेटायला जायच्या आधी माणूस दारात उभं राहून केस नीट करतं, तेवढा वेळ प्रत्येक दोन निरोपांमध्ये जात होता.

दाढीनं काकांना फोन लावून पाहिला. लाइन व्यस्त.

"बंद करून टाकू सगळं," तो म्हणाला. "रांगच पुसून टाक."

भुंगीचं बोट कळीवर गेलं आणि तिथेच राहिलं. आत्ता या क्षणी कोणीतरी तिच्या आईशी बोलत होतं, आणि आई हसत असेल. मध्येच तोडायचं?

तिनं पर्स उचलली. "उद्याची दुपार मी आईकडे काढते."

५

आईनं दार उघडलं आणि आधी तिच्या मागे बघितलं, कोणी सोबत आलंय का. मग जवळ घेतलं. "हडकलीस," म्हणाली. हे ती कायमच म्हणायची.

जेवण झालं. ताटं विसळून पालथी घातली. आई खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत बसली. भुंगीच्या लक्षात आलं की खुर्ची वळवलेली आहे. आधी ती रस्त्याकडे असायची. आता तिचं तोंड खोलीकडे होतं, समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे. आपल्याकडे कोणी बसायला येतं तेव्हा आपण खुर्ची वळवतो, तशी.

भुंगी त्या स्टुलावर बसणार होती. बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

फोन वाजला. आईनं तो उचलायच्या आधी पदरानं पुसला.

"बोल गं," ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकलं. भुंगीला पलीकडचे शब्द कळत नव्हते, पण चाल कळत होती. ती तिचीच होती. वाक्याच्या शेवटी तिचा आवाज जसा जरा वर जातो, तसा जात होता.

"हो, घेतली गोळी," आई म्हणाली. "नाही, आज पाय बरे आहेत... ते? ते पिवळं स्वेटर. त्याची एक बाही मोठी झाली होती. तू ती दुमडून घालायचीस... हो, तुलाच गं. तुलाच विणलं होतं." तिनं भुंगीकडे पाहिलं. डोळ्यांत अपराध्यासारखं काही नव्हतं. माया होती, आणि थोडी विनवणी. "ती आलीये आज. हो, इथेच आहे. घाबरलीये."

"आई," भुंगी म्हणाली. "तुला माहीत आहे, ती मी नाही."

आईनं फोनवर तळहात ठेवला. "मला कळणार नाही होय? पहिल्या दिवशीच कळलं. तू गप्प बसलीस की गुणगुणतेस. ती गप्प बसते तेव्हा नुसती गप्प असते."

"मग कोण आहे ती?"

"विचारलं नाही."

"विचारलं नाहीस?"

"दारात आलेल्याला आधी पाणी देतात. कोण, कुठलं, ते मागाहून." आईनं मान हलवली. "आणि विचारलं असतं आणि तिला सांगता आलं नसतं, तर? तिला आई म्हणावंसं वाटतं, भुंगे. एवढंच. दुसरं काही मागत नाही ती. तुझ्या लहानपणीचं ऐकते आणि दुसऱ्या दिवशी मला परत सांगते, स्वतःचं असल्यासारखं. एखादं चुकतं. मी दुरुस्त करते."

मग आईनं फोन तिच्यापुढे धरला. "घे. तुझ्याशी बोलायचंय तिला."

भुंगीनं तो घेतला.

आधी तिला जाणवलं ते आवाजाच्या मागे काही नसणं. कुठल्याही फोनच्या मागे एक खोली असते. पंखा, भांडं, रस्ता, निदान भिंत. इथे नव्हती. आवाज होता, आणि जिथे आवाज संपत होता तिथे सगळंच संपत होतं.

"तू रागावलीस," तिचाच आवाज म्हणाला.

भुंगीनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"मी निरोप नीट पोचवते. सगळ्यांच्या गोळ्या घेऊन होतात. विचार त्यांना." मग ते नुसतं गप्प राहणं. आणि त्या गप्पपणात, खूप आतून, कोणीतरी गुणगुणायचा प्रयत्न करत होतं. सूर लागत नव्हता. थांबून पुन्हा पहिल्यापासून. शिकत होतं.

भुंगीनं फोन बंद केला.

आई रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिली. मग उठून तिनं खुर्ची रस्त्याकडे वळवली. ती जड होती, पण तिनं भुंगीला हात लावू दिला नाही.

६

भुंगीनं ती रांग कायमची बंद केली. नवी उघडली, नव्या जागी, नव्या चाव्यांनी; आणि आईचं नाव त्यात घातलंच नाही. आईनं अडवलं नाही. "तुझं काम, तुला कळतं," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून दुपारी ती स्वतः फोन करायला लागली. खरोखर करायला लागली. पायांचं विचारायची, शेजारणीच्या भांडणाचं ऐकायची, हसायची. दाढीनंही बाबांना रोज फोन लावायला सुरुवात केली आणि चौथ्याच दिवशी त्यांच्याशी कडाक्याचं भांडला. त्याचं म्हणणं, हीच खरी प्रगती. नव्या रांगेत गडी शहाण्यासारखे काम करत होते. उचलला, पोचवला, झालं. हातात काही राहत नव्हतं.

शिंपीकाका एकदा येऊन गेले. "पोरगा हल्ली कामात दिसतो," म्हणाले. "गोळीचं सांगतो आणि ठेवतो. असू दे. बंदराला लागला की येईलच." जाताना जिन्यात ते जरा थांबले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं बहुतेक. विचारलं नाही.

आणि मग एका दुपारी, कामाच्या गडबडीत भुंगीचा फोन करायचा राहून गेलेला असताना, तिचा फोन वाजला. पडद्यावर 'आई'.

"जेवलीस का गं?" आई म्हणाली.

"आता जेवते. मीच करणार होते तुला."

"असू दे. कामात असतेस." मग आई बोलत राहिली, हळूहळू, मायेनं, इतकं मायेनं की भुंगी खुर्चीत मागे टेकली आणि तिनं डोळे मिटले. घोट्याला लागलेलं जुनं अजून दुखतं का, झोप लागते का, एकटं वाटतं का. एकटं वाटतं का, हे आईनं तिला याआधी कधी विचारलं नव्हतं. भुंगीनं खरं सांगून टाकलं. वाटतं, म्हणाली. कधी कधी संध्याकाळी फार वाटतं. आणि सांगितल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

"मला ठाऊक आहे ते," आई म्हणाली.

हातातला फोन थरथरला. दुसरा फोन येत होता. भुंगीनं कानापासून तो दूर करून पडद्याकडे पाहिलं.

'आई.'

खाली किल्लीवाल्याची कानस चालू होती. दाढी पलीकडे कोणाला तरी गोड बोलून पटवत होता. आणि भुंगीला आता ऐकू आलं, जे इतका वेळ ऐकू यायला हवं होतं. नळ नव्हता. कपाट नव्हतं. आईच्या आवाजामागे खोलीच नव्हती.

"उचल ना," तो आवाज म्हणाला. "तिचाच आहे. मी थांबते."

दोन कळा होत्या. एक पहिला फोन कापायची, एक तो थांबवून ठेवायची. भुंगीनं बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं थांबवून ठेवायची दाबली.

"अगं, आहेस कुठे?" आईच्या मागे नळ गळत होता. "आज फोन नाही तुझा. जीव टांगणीला लागला."

"आहे, आई. जरा... फोनवर होते. कोणीतरी थांबलंय पलीकडे."

तिकडे रस्त्यावरून कोणी गेलं, दार कुठेतरी लागलं. आईला विचारायची गरज पडली नाही.

"मग जा," ती हळूच म्हणाली. "ताटकळत ठेवू नकोस तिला."

आणि तिनं फोन ठेवला.

भुंगीनं डोळे पुसले. पलीकडची ओळ अजून उघडी होती. श्वास नव्हता, काही नव्हतं, पण कोणीतरी होतं. तिनं फोन कानाला लावला.

"आले मी," ती म्हणाली.

आणि आईच्या आवाजात, आईच्याच मायेनं, पलीकडून कोणीतरी विचारलं, "काय म्हणते आपली आई?"